आठची चाचणी

चार पर्यायांपैकी एक माझ्या ओळखीचा असतो. प्रश्नपत्रिका कुणीही काढलेली असो, गेली पंचवीस वर्षं मी त्याला पाहत आले आहे. दोन तुकड्यांच्या गुणांची सरासरी दिलेली असते, प्रत्येक तुकडीत मुलं किती ते दिलेलं असतं, आणि दोन्ही मिळून सरासरी किती असं विचारलेलं असतं. घाईतला विद्यार्थी दोन सरासऱ्यांची बेरीज करतो, दोनाने भागतो आणि पर्यायांकडे पाहतो. त्याचं उत्तर तिथे हजर असतं. उत्तर सापडल्याच्या आनंदात तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तो असाच वळणार हे प्रश्न काढणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं.

नोकरीच्या परीक्षांसाठी अंकगणित शिकवणं हा माझा उद्योग. नगरला सावेडीत औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा क्लास होता. बँक, रेल्वे, पोलीस, तलाठी, परीक्षा कुठलीही असो, तिच्यात सरासरीचे चार-पाच प्रश्न येतातच, आणि ते शिकवण्यात माझा हात धरणारं नगरमध्ये कुणी नव्हतं. हे मी सांगते आहे म्हणून खोटं समजू नका. आमच्या घरात आजोबांपासून सगळे मिशनच्या शाळांत शिकवणारे. त्यामुळे खडू, शिस्त आणि उशिरा येणाऱ्यांबद्दलचा राग हे तिन्ही मला घरातूनच मिळाले.

ज्यांचा गणिताशी संबंध शाळेबरोबर संपला त्यांच्यासाठी थोडं सांगते. समजा, एका तुकडीत दहा मुलं आहेत आणि त्यांची सरासरी ऐंशी आहे. दुसरीत चाळीस मुलं आहेत, त्यांची सरासरी पन्नास. घाईतला म्हणेल, पासष्ट. पण पन्नासवाली मुलं चौपट आहेत, ती उत्तराला आपल्याकडे ओढणारच. सगळ्यांचे गुण मिळवून पन्नास मुलांत वाटले की छप्पन्न येतात. यालाच भारित सरासरी म्हणतात. ज्याची संख्या मोठी त्याचा भार मोठा, एवढीच त्यातली गोम.

मी फळ्यावर एक आडवी दांडी काढायची. एका टोकाला पन्नास, दुसऱ्याला ऐंशी. मग सगळ्यांना पेन खाली ठेवायला लावायची आणि म्हणायची, आधी झुकाव सांगा. उत्तर दांडीच्या मध्यापासून कुठल्या बाजूला सरकेल, ते बोट करून दाखवायचं. सगळ्यांची बोटं एका बाजूला वळली की मगच आकडेमोड. झुकाव ठरला की चारांपैकी दोन पर्याय आपोआप गळतात, आणि तो ओळखीचा, मध्यावर बसलेला पर्याय सगळ्यात आधी गळतो. 'आधी झुकाव सांगा' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की मुलं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करताना तेच म्हणत.

दुसरी माझी पद्धत म्हणजे चुकांची वही. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही, तिच्यात मी विद्यार्थ्यांची चुकलेली उत्तरं कापून चिकटवायची आणि चूक कुठे झाली ते शेजारी लिहायची. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, चुकताना मात्र माणूस आपल्या डोक्याने चुकतो. वहीत नाव कुणाचंही लिहायचं नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी केला. नवीन तुकडी आली की ती वही सगळ्यांच्या हातातून फिरायची.

त्या वहीतलं एक पान राहात्याकडच्या एका मुलाचं आहे. घरी गाई-म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. मी त्याच्यासाठी मुद्दाम प्रश्न घातला होता: साडेतीन फॅटचं गाईचं चाळीस लीटर आणि सात फॅटचं म्हशीचं दहा लीटर एकत्र केलं, तर फॅट किती लागेल? कागदावर त्याने सव्वापाच लिहिलं. मी त्याला उभं केलं आणि विचारलं, अरे, तुझ्या घरच्या कॅनमध्ये हेच दूध असतं तर? त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, चार पॉइंट दोन. उत्तर अगदी बरोबर होतं. मग कागदावर असं का, म्हटल्यावर तो म्हणाला, परीक्षेतलं दूध वेगळं असेल असं वाटलं. वर्ग हसला, मीही हसले. पण नंतर मला ते लागून राहिलं. घरी जे नीट कळतं ते परीक्षेच्या भीतीने या मुलांना परकं होतं, आणि ती भीती घालणाऱ्यांत माझाही हात होता.

दुसरं पान एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरचं. नातीला क्लासला सोडायला यायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. एकदा मी विचारलं, नगरहून जामखेडला साठच्या वेगाने गेलो आणि त्याच रस्त्याने चाळीसच्या वेगाने परत आलो, तर सरासरी वेग किती? सगळा वर्ग पन्नास म्हणाला. आजोबा आधी त्या रस्त्याला साठने कोण जातं यावरून तावातावाने बोलले. मग म्हणाले, "चाळीसच्या गाडीत मी जास्त येळ बसलो ना मॅडम? मग तिचं वजन जास्त. पन्नासच्या खालीच येनार." उत्तर अठ्ठेचाळीस येतं. अंतर दोन्हीकडे सारखं असतं, भार वेळेचा धरायचा असतो, हे मला जे समजवायला अर्धा तास लागायचा ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. ते वाक्य पुढे माझ्यावरच येणार आहे हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

या दिवाळी अंकासाठी आठवणी लिहायचं ठरलं तेव्हा मी माळ्यावरची जुनी रजिस्टरं काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आकडे विसरायला लागले होते. दोन-चार गमतीचे प्रसंग लिहावेत असा बेत होता. वर सांगितले तसे आणखीही होते. ते आता राहिले, कारण एका रजिस्टरात मला एक पान सापडलं.

त्यासाठी जामखेडच्या वर्गाबद्दल सांगायला हवं. तिथल्या मुलांना रोज नगरला येणं शक्य नव्हतं, म्हणून मी दर रविवारी जामखेडला जाऊन एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत शिकवायची. आठ वाजता वीस प्रश्नांची छोटी चाचणी, अर्धा तास. मग शिकवणं, आणि एकच्या गाडीने परत. संध्याकाळच्या उपासनेला मला चर्चमध्ये हजर असायचं असे. आठची वेळ मी धरली होती ती त्यामुळे. विद्यार्थ्यांना मी सांगायची की ही शिस्त आहे.

तिथल्याच एका सज्जन गृहस्थांनी ठरवलं होतं की दरवर्षी एका विद्यार्थ्याची नगरमध्ये चार महिने राहण्या-जेवणाची सोय करायची. त्या मुलाला रोज क्लास मिळे, संगणकावर सराव मिळे. परीक्षा संगणकावरच असते आणि गावाकडे तो हाताळायलाही मिळत नाही, त्यामुळे ती एक जागा म्हणजे जवळजवळ नोकरीचं दारच होतं. निवड माझ्याकडे होती. नोटिशीवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एकाच रविवारी दोन चाचण्या, वीस प्रश्नांची आठ वाजता आणि ऐंशी प्रश्नांची दहा वाजता. शंभरांपैकी ज्याची जास्त उत्तरं बरोबर, त्याची निवड.

सात वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी दोघांत चुरस होती. एक अविनाश, जामखेडमध्येच राहणारा, हुशार, नीटनेटका मुलगा. दुसरी मनीषा. दोन्ही नावं मी बदलली आहेत. मनीषा वर्गातल्या इतरांपेक्षा मोठी होती, एकतिशीची. जामखेडपासून बावीस किलोमीटरवरच्या गावात सासर, नवरा टेम्पो चालवायचा, मुलगी पहिलीत. घरात दाटी म्हणून ती गावच्या बुद्धविहारात बसून अभ्यास करायची. ज्या परीक्षेची ती तयारी करत होती तिची वयाची मर्यादा तिच्यासाठी त्याच वर्षी संपत होती. सासूने चार महिने नातीला सांभाळायचं कबूल केलं होतं. म्हणजे जागा मिळाली तर ती याच वर्षी मिळायला हवी होती.

झुकाव सांगा म्हटलं की तिचं बोट सगळ्यात आधी वळायचं. पण ती दर रविवारी उशिरा यायची. वीस-बावीस मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन, दारात उभी राहून आत येऊ का विचारायची. एकदा मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं की परीक्षा केंद्राचं दार कुणासाठी थांबत नाही, तिथे काय कारण सांगणार आहेस? तिने कारण सांगितलं नाही. मीही पुढे विचारलं नाही.

निवडीच्या रविवारी दोन्ही चाचण्या झाल्या. ऊन चढलं होतं, त्या गृहस्थांचा माणूस निकालासाठी खाली थांबला होता, आणि माझी एकची गाडी चुकत होती. मी टक्के काढले, सरासरी काढली आणि वर्गात वाचून दाखवली. अविनाश सत्तर, मनीषा साठ. अविनाशचं अभिनंदन केलं, टाळ्या झाल्या. मनीषा तिसऱ्या बाकावर होती. तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं. तो टोपणाचा आवाज मी ऐकला होता की नंतर माझ्या मनाने जोडला, ते मला आता सांगता येत नाही.

रजिस्टरातलं पान त्या दिवसाचं होतं. लाल शाईत माझंच अक्षर. मनीषा: छोटी चाचणी चाळीस टक्के, मोठी ऐंशी टक्के, सरासरी साठ. अविनाश: छोटी पंच्याहत्तर, मोठी पासष्ट, सरासरी सत्तर.

मी आधी हसले. अशी चूक तर आपण मुलांना दाखवायला वहीत चिकटवतो, असं मनात आलं. मग कुणाची चूक आहे ते ध्यानात आलं. मोठ्या चाचणीत ऐंशी प्रश्न, छोटीत वीस. भार चौपट. मनीषाचा आकडा चाळीस आणि ऐंशी यांच्या मध्यावर बसूच शकत नव्हता, तो ऐंशीकडे झुकायलाच हवा होता. छोटीत तिची आठ उत्तरं बरोबर, मोठीत चौसष्ट. शंभरांपैकी बहात्तर. अविनाशची पंधरा आणि बावन्न, म्हणजे सदुसष्ट. मी तीनदा बेरीज केली. बेरजेत काही अवघड नव्हतं, चौथीतलं पोर करील. जागा मनीषाची होती.

कुणी म्हणेल, दोन्ही चाचण्यांना सारखा भार देणं हाही एक निर्णय असू शकतो. असू शकतो, पण तो मी घेतला नव्हता. मी फक्त घाईत होते. पंचवीस वर्षं जो पर्याय मी मुलांना ओळखायला शिकवत होते, त्याच्यावरच मी स्वतः खूण करून आले होते, आणि त्याच्या आधारावर एका बाईचं शेवटचं वर्ष दुसऱ्याला दिलं होतं. अविनाश पुढे परीक्षा पास झाला, आज बँकेत चांगल्या जागी आहे, दर शिक्षकदिनाला फोन करतो. मनीषाने त्या वर्षी घरी राहूनच परीक्षा दिली होती आणि तीन गुणांनी तिची संधी हुकली होती, एवढं मला तेव्हा कानावर आलं होतं. तेव्हा मी हळहळले होते आणि तिला नगरला राहायला मिळालं असतं तर झालं असतं, असंही म्हणाले होते. चर्चमध्ये आम्ही दर रविवारी सगळे मिळून पापांची कबुली देतो. सात वर्षांत त्या कबुलीत ही गोष्ट एकदाही आली नाही, कारण मला ती माहीतच नव्हती. याची मला अजून लाज वाटते.

जुन्या फॉर्मवरचा तिचा नंबर लागला. भेटायला येते म्हटलं, तर का म्हणून न विचारता ती "या की मॅडम" म्हणाली. शनिवारी दुपारी मी निघाले, जामखेडला गाडी बदलली आणि तिच्या गावच्या मुक्कामी एसटीत बसले. ही गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते आणि सकाळी परत निघते. त्या गावाला येणारी-जाणारी तेवढी एकच गाडी. ती सरळ जात नाही. मधल्या तीन वस्त्या घेत, वळसे घालत जाते. बावीस किलोमीटरला सव्वा तास लागला.

मनीषा गावच्या दूध डेअरीत कामाला आहे. मी पोचले तेव्हा संध्याकाळचं दूध घ्यायची वेळ होती. माणसं कॅन घेऊन रांगेत उभी होती. मला खुर्ची देऊन ती कामाला लागली. आधी दूध मापून लीटर लिहायची, मग चमचाभर दूध यंत्राला लावून फॅट लिहायची. लीटर लिहिल्याशिवाय फॅटला हात लावत नव्हती. किती ते आधी, कसं ते नंतर. माझ्या वर्गातल्या कुणीही माझा धडा इतका मनापासून घेतला नव्हता.

रांग थोडी कमी झाल्यावर मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि ते पान उघडून तिच्यासमोर धरलं. तिने पदराला हात पुसले, पण रजिस्टर हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं.

"साठ अन् सत्तर," ती म्हणाली. "मला ठावं हुतं, मॅडम. तुमी वाचून दावलं तवाच ठावं हुतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिने पुढचा कॅन घेतला, मापला, आकडा लिहिला. आलेल्या म्हाताऱ्याला पावती दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, तुमी उशिराची शिक्षा दिली. तुमच्याकडनं गनित चुकंल असं मनातबी आलं न्हाई. अन् उशीर तर माझाच हुता, मंग काय बोलायचं?"

माफीची वाक्यं मी गाडीत जुळवून ठेवली होती. त्यातली दोन मी कशीबशी म्हटली. ती ऐकून घेत होती. उशीर का व्हायचा, हे मी सात वर्षांनी तिला त्या खुर्चीत बसून विचारलं. उत्तर मला मिळालेलंच होतं, मी त्याच गाडीने आले होते. सकाळी गाडी सातला सुटते, सव्वाआठला स्टँडवर पोचते, तिथून चालत वर्ग. त्याच्या आधीची गाडी नाही. मनीषाला छोट्या चाचणीला कधीही दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळाला नव्हता.

"त्या दिशी दहा मिनटं गावली," ती म्हणाली. "आठ सोडवली. आठच्या आठ बरोबर आली. बाकीची कोरी हुती, तुमी बघितली असतील."

मी बघितली नव्हती. मी वीसपैकी आठ पाहिले होते आणि चाळीस टक्के लिहिले होते. वीस प्रश्नांचं अंतर सगळ्यांना सारखं दिलं आणि वेळ कुणाला किती मिळाला ते धरलंच नाही. ते एसटीचे आजोबा असते तर त्यांना पहिल्या रविवारीच कळलं असतं.

अविनाशला सांगू का, असं मी विचारलं. त्याला काही सांगू नका, त्याने पुढचं त्याच्या कष्टाने मिळवलंय, असं ती म्हणाली. हे सगळं लिहिलं तर चालेल का, यावर तिने थोडा विचार केला आणि नाव बदलून लिहा म्हणाली. रागावली होती का? होती, असं मला वाटतं. तिने ते लपवलंही नाही आणि दाखवलंही नाही. शेवटचा कॅन रिकामा झाल्यावर तिने यंत्र धुवायला घेतलं आणि मग एकदम माझ्याकडे वळली.

"बेरजेचं सोडा आता. माझं वय गेलं, ते काय परत येत न्हाई. पर तुमची आठची चाचणी अजून आठलाच हाय. माझी पुतनी जाती, अन् शेजारची एक. त्यांस्नीबी दहाच मिनटं गावत्यात. त्याचं काय ते बघा."

जामखेडचा वर्ग आता माझा एक जुना विद्यार्थी चालवतो. माझं वेळापत्रक त्याने तसंच ठेवलं आहे. मॅडमची शिस्त म्हणून अभिमानाने ठेवलं आहे. मी वर्ग सोडला होता, पण माझी आठची वेळ तिथे दर रविवारी हजेरी घेत होती.

रात्री मी मनीषाकडेच राहिले. सकाळी सातच्या गाडीत तिची पुतणी आणि ती दुसरी मुलगी माझ्या पुढच्या बाकावर बसल्या. दोघींच्या मांडीवर वह्या होत्या. पहिल्या वस्तीपर्यंत त्यांनी अभ्यास केला. नंतर रस्ता इतका खराब लागला की वह्या मिटून ठेवल्या. तिसऱ्या वस्तीवर एका आजारी बाईला चढवायला गाडी पाच मिनिटं थांबली. त्या दोघी सारख्या मोबाईलमध्ये वेळ बघत होत्या. जामखेडला उतरलो तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. मुली पळायला लागल्या. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यामागून मीही जमेल तेवढी पळाले.

वर्गाच्या दारात माझा विद्यार्थी उभा होता. मुलींना पाहून त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. ते बोट ठेवणं माझंच होतं, वर्षानुवर्षं मी असंच ठेवायची. मग त्याला त्यांच्या मागे धापा टाकत उभी असलेली मी दिसले.

"आत येऊ का, सर?" मी विचारलं.

तो गोंधळून बाजूला झाला. मॅडम, तुम्ही बसा, चहा मागवतो, असं काहीतरी म्हणाला. मी मुलींबरोबर शेवटच्या बाकावर बसले आणि एक प्रश्नपत्रिका मागितली. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून तेवीस मिनिटं झाली होती. सात मिनिटं उरली होती. छाती धडधडत होती, घामाने चष्मा खाली घसरत होता, हातातला पेन नीट चालत नव्हता. मी आयुष्यभर ज्या प्रकारचे प्रश्न काढले आणि शिकवले, तेच वीस प्रश्न माझ्यासमोर होते. साडेआठला पेन खाली ठेवायला सांगितलं, तोपर्यंत माझे सहा झाले होते. त्यातला एक चुकला होता. तो नेमका सरासरीचा होता, आणि मी मध्यावरचा पर्याय निवडला होता.

वीसपैकी पाच. पंचवीस टक्के.

पुढच्या रविवारपासून चाचणी साडेनऊला सुरू होते. ते ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यासाठी कुणाला सात वर्षं वाट पाहावी लागायला नको होती. मनीषाचं वर्ष त्याने परत येत नाही, हे मला माहीत आहे. त्या सकाळची माझी उत्तरपत्रिका मी मागून घेतली आणि घरी आल्यावर चुकांच्या वहीत चिकटवली. तिच्या शेजारी साठ आणि सत्तरचं ते रजिस्टरचं पानही कापून लावलं. वहीचा नियम मोडून दोन्हींच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि उत्तरपत्रिकेवर नावाखाली वर्गात पोचण्याची वेळ.